मर्लचं घर आणि एकोणचाळीस गिऱ्हाइकं

लॉकेट स्ट्रीटवर घरं बावीस. त्यांतल्या एकवीस घरांची स्वयंपाकघरं मर्ल डेसीला तोंडपाठ. कुणाच्या ओट्यावरची टाइल कुठे तडकलीय, कुणाचं कपाट लाथ घातल्याशिवाय लागत नाही, कुणाकडे पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्यांऐवजी नवरा झोपतो, विचारायचा अवकाश. बाविसावं घर तिचं स्वतःचं, चौदा नंबरचं. त्याच्या उंबरठ्याच्या आत मात्र गल्लीतल्या एकाही माणसाचं पाऊल एकोणतीस वर्षांत पडलं नव्हतं.

स्वतःचं म्हणायचं ते आपलं राहण्यापुरतं. घर भाड्याचं. १९६९ साली नवऱ्याबरोबर ती मेलबर्नमधल्या यॅराव्हिलच्या या गल्लीत आली. दहा वर्षांनी नवरा, म्हणजे रॉन, दोन आठवड्यांसाठी मासे पकडायला दूर उत्तरेला डार्विनला गेला. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. मासे मोठे असावेत. मर्लने त्यावर कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देण्याची नोकरी धरली, पांढरा कोट चढवला, आणि हातातली लाल पाटी वर करून बंदराकडे निघालेले चाळीस-चाळीस टनांचे ट्रक जागच्या जागी उभे करायला लागली. "नवरा थांबवता आला नाही, ट्रक तरी थांबतात," असं ती स्वतःच सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला ते बोलायची सोय उरायची नाही.

तिचा खरा सण शनिवारी. गल्लीत एखादं घर विकायला निघालं की दलाल शनिवारी अर्धा तास ते सगळ्यांसाठी उघडं ठेवतो. घ्यायचं असो नसो, कुणीही आत शिरावं. मर्ल ठेवणीतले बूट घालून सर्वांच्या आधी हजर. न्हाणीघराचे नळ सोडून बघायची, कपाटं उघडायची, पलंगाखाली वाकायची. विक्रीचं घर नसेल तर साखर मागायला, कात्री परत करायला, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करायला अशी ती घराघरांत असायचीच. पण तिच्याकडे कुणी गेलं की ती फाटकापर्यंत बाहेर यायची, दार पाठीमागे ओढून घ्यायची आणि म्हणायची, "आत नको हं, रंग ओला आहे."

शेजारच्या सोळा नंबरात चेन्सू राहायचा. माल्टाहून आलेला, गोदीत हाडं झिजवून आता टोमॅटो पिकवणारा म्हातारा. तो एकदा न राहवून म्हणाला, "अगं पोरी, एकोणतीस वर्षं न वाळणारा रंग कुठल्या दुकानात मिळतो? मला पण सांग."

"तुला परवडायचा नाही, चेन्सू," मर्ल म्हणाली आणि दार लावून घेतलं.

गल्लीने अर्थातच आपापले तर्क लढवले होते. समोरच्या अकरा नंबरातल्या स्टाव्रूलाचं मत असं, की रॉन डार्विनला गेलाच नाही, फरशीखाली आहे. ही स्टाव्रूला ग्रीक, तीन मुलींची आई. आवाज असा, की फोनवर बोलायला लागली की पलीकडच्याने फोन ठेवला तरी चालेल. रॉन दर नाताळला फोन करतो, हे तिला माहीत होतं. पण फरशीचा तर्क तिला जास्त आवडायचा.

अठ्ठ्याण्णव साली हिवाळ्यात घरमालक, म्हातारा बर्ट किनेली, वारला. त्याचा मुलगा नील पर्थला असायचा. महिन्याभरात पत्र आलं, घर विकायचं आहे. पाठोपाठ डेमियन नावाच्या दलालाने शाळेसमोरच येऊन मर्लला गाठलं. तिशीचा, बुटांत तोंड दिसेल असा.

"हे बघा मर्ल, मालकांना गडबड नकोय," तो ट्रकच्या आवाजावर ओरडून सांगत होता. "एक लाख पस्तीस हजार म्हणतायत. दोन शनिवार घर दाखवू. चार-दोन माणसं आली तर तुम्हालाच देऊन टाकतील, बोलणी नकोत, काही नकोत. गर्दी उसळली तर मात्र लिलाव करावा लागेल."

"गर्दी? या गल्लीत? अहो, वारा नदीकडून आला की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट अंथरुणात शिरतो."

"तेच म्हणतो मी. काळजी करू नका. फक्त तेवढ्या वेळात तुम्ही घरी नसलेल्या बऱ्या."

मर्लने रात्रंदिवस हिशेब केला असेल, पण बोलून दाखवला नाही. साठवलेले पैसे होते, एका मावशीने मरताना थोडे ठेवले होते, बँकेनेही तोंड वाकडं करत होकार दिला होता. सगळं खरवडून एक लाख बेचाळीस. त्याच्या वर एक डॉलर नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे घर गेलं तर तिला परवडेल असं भाड्याचं घर तीन गाड्या बदलून जावं लागेल इतकं लांब. म्हणजे शाळा गेली, ट्रक गेले आणि एकवीस स्वयंपाकघरंही गेली.

त्या संध्याकाळी ती स्टाव्रूलाकडे गेली. घर विकायला निघालंय, आपण ते घेणार आहोत, दोन शनिवार लोक बघायला येतील, एवढं सांगितलं. गर्दी आणि लिलावाची गोष्ट सांगायची तिला गरज वाटली नाही. परकी माणसं येतील तेवढी येतील, गल्लीतलं कोण कशाला येतंय? तरी जाता जाता बजावलंच, "आणि हे बघ, त्या वेळी माझ्या घरात कुणी फिरकायचं नाही. तू नाही, तुझ्या मुली नाहीत, तो चेन्सू तर मुळीच नाही."

इथेच ती चुकली. लॉकेट स्ट्रीटवरच्या माणसाला चल म्हणा, त्याचा गुडघा दुखतो. येऊ नकोस म्हणा, तो तुमच्या आधी पोचलेला असतो.

दुसऱ्याच दिवशी स्टाव्रूलाच्या स्वयंपाकघरात सभा भरली.

"बिचारी एकटी आहे," स्टाव्रूला म्हणाली. "परके लोक येऊन घर उचलून नेतील. आपण जायचं. गिऱ्हाइकासारखं आत फिरायचं आणि मोठ्याने नावं ठेवायची. वासाबद्दल बोलायचं, ट्रकबद्दल बोलायचं."

"आगगाडी विसरू नका. माझी कवळी हलते रात्रीच्या मालगाडीने," चेन्सूने भर घातली. मग जरा घुटमळून म्हणाला, "आतल्या खोल्याही बघायच्या ना?"

"मदतीला चाललोय चेन्सू, बघायला नाही."

"हो, हो, मदतीलाच. पण झोपायच्या खोलीत शिरल्याशिवाय मदत पुरी कशी होणार?"

यावर कुणाचा आक्षेप नव्हता.

शनिवारी मर्ल बहिणीकडे जिलाँगला गेली. अकराच्या ठोक्याला डेमियनने दार उघडलं, हातात फळीला लावलेला कागद. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोन आणि पत्ता तो लिहून घेत होता. पहिली स्टाव्रूला. दारातच तिने नाक दाबून सुरुवात केली, "शी, काय हा वास..." आणि पुढच्या खोलीत पाऊल टाकून गप्प झाली. स्टाव्रूला गप्प झाल्याची ही गल्लीतली पहिलीच नोंद.

खिडकीला तिचेच पडदे होते. पांढऱ्यावर लिंबं, पानांसकट. कालामाताहून बहिणीने पाठवलेलं कापड, मेलबर्नमध्ये शोधूनही मिळायचं नाही. तिने जवळ जाऊन बोट फिरवलं. लिंबं छापलेली नव्हती. साध्या चादरीवर कुंचल्याने एकेक रंगवलेली होती.

"चेन्सू! इकडे ये!"

चेन्सू येऊ शकत नव्हता. तो स्वयंपाकघरात एका फळीसमोर उभा होता. त्याने स्वतःच्या बायकोसाठी करवतीने कापून केली होती तशीच नागमोडी कडांची फळी, दोन वळणं जास्त. मागच्या भिंतीवर नऊ नंबरवाल्यांच्या इटालियन निळ्या टाइल्स, पण हात लावला तर सपाट भिंत. चौकोन, नक्षी, सांधे, सगळं रंगवलेलं. पाच नंबरातल्या वकिलीणबाईंची कमान बोळाच्या भिंतीवर, सावलीसकट. न्हाणीघरात वीस नंबरवाल्यांचे शिंपले. बाईने एकवीस घरांतून जे जे डोळ्यांत भरलं ते ते घरी आणून भिंतीवर उतरवलं होतं.

म्हणजे ती खोटं बोलत नव्हती. रंग खरोखरच ओला असायचा.

मग काय, वासाचं कुणाला आठवतंय? अर्धा तास उलटून गेला तरी लोक निघेनात. "अय्या, हा आमचा दिवा!" "ही बघ तुझी घडवंची!" करत माणसं या खोलीतून त्या खोलीत. वीस नंबरवाली शिंपल्यांपाशी डोळे पुसत होती. जे आले ते घरी जाऊन उरलेल्यांना घेऊन आले, आणि पुढच्या शनिवारी सगळे पुन्हा आले, कारण पहिल्या खेपेला कपाटं राहिली होती. डेमियनच्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

सोमवारी त्याने मर्लला शाळेसमोर गाठलं. आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"मर्ल, एकोणचाळीस पार्ट्या! माझ्या जन्मात बघितलं नाही. लोक रडत होते हो! एक बाई पडद्याला चाळीस मिनिटं चिकटून होत्या. मालकांना कळवलंय. लिलाव नक्की. आता एक लाख पंच्याहत्तरच्या खाली ते बोलायला तयार नाहीत."

मर्लच्या हातातली पाटी खाली आली. ती रस्त्यातच उभी राहिली, एक ट्रकवाला भोंगा वाजवून थकला.

"नावं वाचा," ती म्हणाली.

त्याने वाचली. सगळी.

पाच मिनिटांत शाळा सुटणार होती म्हणून गल्ली वाचली. संध्याकाळी मात्र मर्ल अकरा नंबरच्या फाटकाशी उभी राहिली.

"बाहेर ये, स्टाव्रूला! आणि तू पण ये रे चेन्सू, टोमॅटोंच्या मागे लपू नकोस, टक्कल दिसतंय!"

"अगं, आम्ही मदतीला..." चेन्सूने टोमॅटोंतूनच सुरुवात केली.

"मदतीला? चार माणसं आली असती तर घर माझं होतं! तुम्ही एकोणचाळीस होऊन आलात! त्या पोराला वाटतंय निम्मं मेलबर्न माझ्या घरासाठी जीव टाकतंय. चाळीस हजारांनी भाव चढवलात मेल्यांनो, आणि तोही माझ्याच घराचा, माझ्याच डोक्यावर!"

"हे आम्हाला सांगायचं नाही का?" स्टाव्रूला म्हणाली.

"येऊ नका, एवढं सांगितलं होतं!"

"तेच चुकलं ना तुझं. ये म्हणाली असतीस तर मी आले असते का?"

मर्लने जरा खालच्या आवाजात विचारलं, "काय काय बघितलंत?"

"सगळं."

"पडदे?"

"पडदे."

मर्ल कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. दुसऱ्यांच्या घरांत एकोणतीस वर्षं नाक खुपसून ती तिथून काय घेऊन येत होती, ते आता साऱ्या गल्लीला कळलं होतं. स्टाव्रूलाने तिच्याकडे बघितलं. टोमणा मारायची एवढी मोठी संधी वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"माझी लिंबं पिवळी आहेत. तुझी जरा हिरवट आलीत."

"पिवळा संपला होता," मर्ल म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

पुढचे तीन आठवडे ती गल्लीत कुणाशी बोलली नाही. स्टाव्रूला नातवाला शाळेत सोडायला आली की रस्ता रिकामा असला तरी मर्ल तिला कडेला उभी करून ठेवायची. एकदा तर सहा मिनिटं. शेवटी स्टाव्रूला ओरडली, "अगं, लांब लांबपर्यंत ट्रक नाहीये!"

"येईल," मर्ल म्हणाली.

लिलावाचा शनिवार उजाडला. फुटपाथवर डेमियनने झेंडा लावला. सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर. चेन्सूने चीज भरलेल्या माल्टी पेस्ट्यांचा आख्खा ट्रे आणला होता. स्टाव्रूलाने घरोघर फिरून तंबी दिली होती, "हात कोपराच्या वर उचलायचा नाही. माशी बसली तर बसू दे." पर्थहून नील किनेलीही आला होता, पन्नाशीचा, घामाघूम, बापासारखंच रुंद कपाळ. मर्ल फाटकाशी उभी. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

खरी गिऱ्हाइकं दोनच. एक तरुण जोडपं, बाबागाडीत बाळ. आणि एक काळ्या चष्म्याचा गृहस्थ, घरं घेऊन भाड्याने लावणारा. डेमियनने दोघांनाही आधीच अभिमानाने सांगून ठेवलं होतं, की एकोणचाळीस पार्ट्या मागे आहेत. त्यांनी समोर बघितलं तर खरोखरच साठ माणसं, खुर्च्या टाकून, चेहरे घट्ट करून बसलेली. खातायतसुद्धा.

"एवढ्यांत आपला निभाव नाही लागायचा," तरुण नवरा बायकोला म्हणाला. त्यांनी बाबागाडी वळवली.

चष्मेवाल्याने चेन्सूला विचारलं, "कितीपर्यंत जाईल, आजोबा?"

खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. चेन्सू खरं तेच बोलला, "मालक पावणेदोन लाखांच्या खाली बोलत नाही म्हणे. आणि लोक तर वेडे झालेत घरासाठी. रडतात."

चष्मेवाल्याने मनात भाडं मोजलं, कागदाची घडी केली आणि एक पेस्टी घेऊन गेला.

डेमियनने गळा साफ केला. घराचं वर्णन केलं, हाताने सजवलेलं, जिव्हाळ्याचं वगैरे. "चला, कोण सुरुवात करतंय?"

कुणीच नाही. साठ माणसं आणि हात सगळे मांड्यांवर. आगगाडी आली नि गेली.

"लाजू नका! ...बरं, मालकांच्या वतीने मीच बोलतो, एक लाख तीस. पुढे?"

मर्लने खिशातून हात काढला. "एक लाख पस्तीस."

"वा! एक पस्तीस! आता चाळीस कोण म्हणतंय?" तो हौसेने वळला. "मिसेस स्टाव्रूला! तुम्ही चाळीस मिनिटं पडद्याजवळ होतात!"

"माझेच पडदे बघत होते."

"आजोबा... म्हणजे, चेन्सू! तुम्ही दोनदा आलात!"

"मी शेजारीच राहतो. जवळ पडतं."

डेमियनने खिशातला कागद काढला. पहिल्या नावापासून वाचायला लागला, आणि वाचता वाचता फोन नंबरांपुढच्या पत्त्यांकडे त्याचं लक्ष गेलं, बहुधा पहिल्यांदाच. लॉकेट स्ट्रीट, लॉकेट स्ट्रीट, लॉकेट स्ट्रीट. त्याच्या बुटांचीसुद्धा चमक गेली.

बोली तिथेच अडली. पंच्याहत्तरला पोचली नाही म्हणून विक्री झाली नाही, पण रिवाजाप्रमाणे सर्वांत वरची बोली ज्याची, त्याच्याशी मालकाने आधी बोलायचं. नील, डेमियन आणि मर्ल आत स्वयंपाकघरात गेले. खिडकीबाहेर साठ डोकी जमली.

"एक पासष्ट," नील म्हणाला. "पस्तीसला मी देणार नाही. बघ ना हे घर. या टाइल्स, ही फळी, ते पडदे. बाबांनी किती जीव लावला होता."

"बर्टने?" मर्ल म्हणाली. "बर्टने दिलं तेव्हा भिंती तपकिरी होत्या. न्हाणीघरसुद्धा. स्वस्तात डबे मिळाले होते म्हणून."

"ते तू म्हणतेस. बाबांनी केलं नाही कशावरून?"

बाहेर सगळी गल्ली कान देऊन उभी होती. फाटकाशी मर्ल एकदा लाल झाली होती तेवढं पुरे होतं खरं तर. तिने खिडकी पूर्ण वर सरकवली.

"स्टाव्रूला, याला सांग, पुढच्या खोलीतले पडदे कुणाचे बघून केलेत."

"माझे," स्टाव्रूला म्हणाली. "कालामाताचे. माझ्याकडे आले एक्क्याऐंशी साली. तुझ्या बापाने ते कधी बघितले नाहीत, मी त्याला आत घेतच नव्हते. भाडं वसूल करायला आला की दारू प्यायलेला असायचा."

"फळी?"

"माझी," चेन्सू म्हणाला. "हिने दोन वळणं जास्त काढलीत. चांगली काढलीत, तेही सांगतो."

"शिंपले आमचे!" मागून वीस नंबर.

"मी सगळ्यांच्या घरांत शिरायचे," मर्ल नीलला म्हणाली, पण आवाज खिडकीबाहेर जाईल असा. "जे आवडायचं ते डोक्यात घेऊन यायचे आणि इथे काढायचे. विकत घ्यायची ऐपत नव्हती. आता तूच ऐक. भाड्याच्या करारात लिहिलंय, घर घेतलं तसं परत द्यायचं. मी नियमाने वागणारी बाई आहे. घर दुसऱ्याला विकलंस, तर जायच्या आधी मी सगळ्या भिंती बर्टच्या तपकिरी रंगाने रंगवून देईन. न्हाणीघरासकट. मग आण तुझी एकोणचाळीस गिऱ्हाइकं."

नीलने डेमियनकडे बघितलं. डेमियन करार आठवत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तो आठवला असं दिसत होतं.

"किती आहेत तुझ्याकडे?" नीलने विचारलं.

"एक लाख बेचाळीस. पण तेवढे तुला सांगायला नको होते, आता बोलून गेले."

नील हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "एक चाळीस दे. दोन ठेव. पडद्यावरची लिंबं हिरवट आहेत, पिवळा रंग घे त्यांतून."

सह्या झाल्या. डेमियनने पेन खिशात घालताना कोरडेपणाने आठवण करून दिली, की कागदपत्रं पुरी व्हायला साठ दिवस लागतील आणि तोवर ती भाडेकरूच आहे, शुक्रवारचं भाडं चुकवू नये.

"काय झालं? अगं, काय झालं ते सांग की!" बाहेर कालवा चालला होता. मर्लने ऐकू न आल्यासारखं केलं. जन्मभर ती दुसऱ्यांच्या बातम्यांमागे धावली, आज बातमी तिच्याकडे होती आणि साठ माणसं तिच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी होती. एवढ्यात कशी सोडेल? तिने आधी हात धुतले. मग किटलीत पाणी भरलं, शेगडीवर ठेवलं. फळीवरच्या कपांकडे बघितलं. तीन होते, त्यांतल्या एकाचा कान तुटका. याहून जास्त कपांची तिला कधी गरजच पडली नव्हती.

तिने पुढचं दार सताड उघडलं.

"कप आपापले घेऊन या," ती म्हणाली. "आणि जपून. बोळात रंग ओला आहे."

"खरंच?" चेन्सूने विचारलं.

"हो. काल रात्री तुझे टोमॅटो काढायला घेतलेत."